माझं लुगडं कोणी मागत नाही

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली, की सातवा-आठवा महिना लागता लागता तिची आई जुनं लुगडं शोधायला बाहेर पडते. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. भरपूर जगलेल्या म्हातारीचं, नेसून नेसून विरलेलं सुती लुगडं मागून आणायचं आणि त्याची दुपटी-झबली शिवायची. कापड मऊ असतं म्हणून बाळाला टोचत नाही, आणि म्हातारीचं आयुष्य बाळाला लागतं. नेताना तसं तोंडाने म्हणायचंही असतं, "तुमचं आयुष्य लागू दे हो आमच्या बाळाला." मग म्हातारी खूश होते आणि चहा टाकते.

आता, इमारतीत वयाने सगळ्यांत मोठी मी. सत्तरी कधीच ओलांडली. माझ्या कपाटात मऊ सुती लुगड्यांची चळतच आहे, कारण दुसरं काही माझ्या अंगाला सोसत नाही. पाचवारीलाही मी लुगडंच म्हणते, आईची सवय. पण बायका मागायला जातात त्या माझ्या समोरच्या दारात. तिथे राहणारी शेजारीण माझ्यापेक्षा चांगली पाच वर्षांनी लहान. साताऱ्याकडची, भिडस्त बाई, नाही म्हणता येत नाही. देऊन देऊन बिचारीवर नव्या साड्या घ्यायची पाळी आली. त्या कडक साड्या नेसून ती जिन्यातून उतरली, की मला घरात बसून कळतं.

मीही काही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. कोणी पोटुशी बाई खाली दिसली, की मी माझी लुगडी गॅलरीत वाळत घालते. सावकाश, एकेक झटकून. "बाई बाई, किती गं मऊ झालंय हे," असं स्वतःशीच मोठ्याने म्हणते. एकदा वरच्या मजल्यावरच्या एकीला मी सरळच विचारलं, "हवंय का गं एखादं?" ती म्हणाली, "नको आजी, आम्ही सगळं ऑनलाइन मागवलंय." दुसऱ्या दिवशी समोरून दोन लुगडी बगलेत मारून गेली. मी दाराच्या भिंगातून बघितलं.

कारण मला ठाऊक आहे. माझ्या अंगावर खवले आहेत. टाळूपासून तळपायापर्यंत, तपकिरी, जाडसर, कडांना उचललेले. जन्मापासून आहेत. डॉक्टरी भाषेत त्याला लांबलचक नाव आहे आणि त्या नावाचा अर्थ मासळीसारखी कातडी असाच होतो. फार क्वचित कोणाला होतं म्हणे. आता एवढा दुर्मिळ आजार द्यायचाच होता, तर देवाने एखादं शुद्ध शाकाहारी घर बघायचं. त्याने नेमकं ठाण्याच्या कोपरीतलं कोळ्याचं घर निवडलं. आमचा बापूस म्हणायचा, इतक्या पिढ्या मासे मारले, एक आमच्यात राहायला आला.

मी जन्मले तेव्हा अंगावर चकचकीत पापुद्रा होता, आणि पापण्या बाहेरच्या बाजूला उलटलेल्या. सुईण मला टाकून पळाली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, आठवडा काढला तरी नशीब. आईने त्यांचं ऐकून घेतलं, घरी आली, आणि स्वतःच्या आईचं जुनं लुगडं फाडून, पाण्यात भिजवून माझ्याभोवती गुंडाळलं. वरून खोबरेल. सुकलं की परत भिजवायचं. दुसरं औषध तिला माहीत नव्हतं. ते डॉक्टर वारले तेव्हा मी नोकरीला लागलेली होते. त्यांच्या घरी भेटायला गेले आणि त्यांच्या मुलाला म्हटलं, "तुमच्या वडिलांचा अंदाज जरासा चुकला, पण माणूस सज्जन."

शाळेत पोरं मला मगर म्हणायची. रडत घरी आले, की आई पदराने माझं तोंड पुसायची. "मगर नाय गो, जिताडा हाय माझा. बाजारान सगल्यात महाग." जिताडा म्हणजे खाडीतला मोठ्या खवल्यांचा मासा, आमच्याकडे जावई आल्यावर आणतात तो. त्यानंतर कोणी मगर म्हटलं, की मी म्हणायचे, तुझ्या बापाला परवडायची नाही मी.

या कातडीची दोन-तीन नाटकं आहेत, ती आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. मला घाम येत नाही. त्यामुळे ऊन लागलं की अंग आतल्या आत तापतं आणि मी चक्कर येऊन पडते. म्हणून पर्समध्ये पाण्याचा फवारा आणि गळ्यात ओला पंचा. इस्त्रीवाले कपड्यावर मारतात तसं मी स्वतःवर पाणी मारत हिंडते. दुसरं, डोळे पुरते मिटत नाहीत, म्हणून त्यांतून सारखं पाणी येतं. पिठाच्या गिरणीतही लोक मला विचारतात, "काय झालं आजी, कोणी काही बोललं का?" आणि तिसरं म्हणजे कोंडा. मी जिथे बसते तिथे माझा थोडा भाग ठेवूनच उठते.

नोकरी मात्र झकास मिळाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तिथल्या यंत्रांना उकडू नये म्हणून एसी असायचा, माणसांसाठी नव्हे. त्या काळात ठाण्यात आख्खा दिवस गारव्यात बसणारी मी एक आणि ती यंत्रं. शिवाय कोणाला मी दिसायची नाही, नुसता आवाज. माझा आवाज फार गोड होता, आता खोटं कशाला बोलू? एक व्यापारी रोज ट्रंक कॉल लावायचा आणि तो लागेपर्यंत माझ्याशीच बोलायचा. एक दिवस म्हणाला, "मॅडम, एकदा भेटायचं आहे." मी म्हटलं, "या की." आला. काउंटरवर मला बघितलं आणि म्हणाला, बिलाची चौकशी करायची होती. मी त्याला बिलाची सगळी माहिती दिली, अगदी गोड आवाजात, अर्धा तास.

फायदे बघायला गेलं तर पुष्कळ आहेत. स्टेशनवरून शेअर रिक्षात मी आत बसले, की बाकीचे दोघे आपोआप पुढच्या रिक्षात बसतात. मी ऐसपैस घरी येते. पेन्शनसाठी दर वर्षी जिवंत असल्याचं दाखवायला बँकेत अंगठा द्यावा लागतो. माझ्या अंगठ्याला रेषाच नाहीत. बँकेतली मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, मशीन तुम्हाला ओळखत नाही हो." मी म्हटलं, "मशीनचं कशाला मनाला लावून घेतेस? माझे सख्खे नातेवाईक ओळखत नाहीत."

ते काही विनोदाने म्हटलं नव्हतं. माझा एकच भाऊ, माझ्यापेक्षा पुष्कळ धाकटा, अजून कोपरीतच राहतो. त्याला एकुलती एक मुलगी. लहानपणी ही माझी भाची माझ्या मांडीवर बसून माझ्या दंडाचे सुटलेले खवले काढायची आणि काडेपेटीत जमवायची. एकदा ती काडेपेटी तिने शाळेत नेली आणि मुलींना सांगितलं, हे माझ्या आत्याचे आहेत, तुमच्या आत्याला आहेत का? माझ्या भावजयीने डोकं धरलं. मी मात्र त्या पोरीवर जीव टाकला तो तेव्हापासून.

भाचीचा जन्म झाला तेव्हा मी हौसेने माझ्या लुगड्याचं दुपटं शिवून नेलं होतं. भावजय म्हणाली, "वन्सं, किती छान!" आणि ते कपाटात ठेवलं. बाळ कायम दुसऱ्याच दुपट्यात. पुढे भाचीचं लग्न ठरायची वेळ आली, मुलाकडचे बघायला येणार होते, तेव्हा भावजयीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही त्या दिवशी येऊ नका हं. ऊन फार असेल, तुम्हाला त्रास होईल." डिसेंबर महिना होता. लग्नात मला मांडवातल्या मोठ्या कूलरच्या मागे खुर्ची दिली. गारवाही आणि आडोसाही. मी तिथून एकटीने तीन आइस्क्रीम खाल्ली आणि मुलाच्या आईला एकदाही दिसले नाही.

मुलाकडचे ठाण्याजवळच्या दिव्याचे, जुन्या गावातले. मुलगा गुणी निघाला. दोघं तिथेच एका नव्या इमारतीत राहायला गेली. नळाला पाणी एक दिवस येतं, एक दिवस येत नाही, पण संसार मजेत चालला होता.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, भर दुपारी, भावाचा फोन आला.

"ताई, पोरगी झाली."

मी म्हटलं, "अरे वा, पेढे?" तो म्हणाला, "तुझ्यासारखी आहे."

एवढंच बोलून तो रडायला लागला. मी खुर्चीत बसले. सगळं आयुष्य माझ्यासारखं दुसरं माणूस मी बघितलं नव्हतं, आणि पहिल्या क्षणी, अगदी एकच क्षण, मला आनंद झाला. मग त्या पोरीच्या वाट्याला काय काय येणार ते एकेक आठवायला लागलं.

तासाभरात भावजय गाडी घेऊन दारात. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "वन्सं, तुम्हाला यायलाच पाहिजे. ती बाळाला जवळच घेत नाहीये. डॉक्टर म्हणतात, तिने कुशीत घ्यायला पाहिजे, पण ती बघायलाच तयार नाही. तुमचं ऐकेल."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. "आज ऊन नाही का गं?" मी विचारलं.

भावजय खाली बघून म्हणाली, "बोला, काय बोलायचं ते बोला. पण चला."

मग मी पंचा भिजवला, फवारा भरला, आणि कपाटातलं सगळ्यांत मऊ लुगडं नेसले. फिकट निळं, बारीक हिरव्या काठाचं. निवृत्त झाले त्या वर्षी घेतलेलं.

कल्याणच्या हॉस्पिटलात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत ओलसर, उबदार हवा. जावई पेटीला चिकटून उभा होता, सकाळपासून तिथून हलला नव्हता. मी वाकून बघितलं. तोच चकचकीत पापुद्रा, त्याच उलटलेल्या पापण्या. आईने किती वेळा वर्णन केलं होतं, पण स्वतःला असं बाहेरून बघायला कोणाला मिळतं? मी म्हटलं, "काय गं जिताड्या, आलीस का?" तिने तोंड वाकडं केलं. माझ्यावरच गेलेली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, हुशार आणि गोड. तिने मला बघितलं आणि तिचे डोळेच चमकले. "आजी, तुमचा हात बघू?" मग दुसरा हात. मग म्हणाली, विद्यार्थ्यांना शिकवायला फोटो काढला तर चालेल का? मी म्हटलं, "चालेल, पण आधी केस विंचरू दे." तिने मला सगळं नीट समजावलं. पापुद्रा हळूहळू गळेल, खालून माझ्यासारखी कातडी येईल, पण आता औषधं आहेत, मलमं आहेत, पोर जगायला हरकत नाही. हे लागण होऊन होत नाही. आईच्या आणि बापाच्या, दोन्ही घराण्यांत लपून असावं लागतं, तेव्हाच बाळात उघड होतं. आणि तिने दोन गोष्टी मागितल्या. आईची कूस, आणि मऊ कापड. "नवं नको. जुनं, धुऊन धुऊन झिरझिरीत झालेलं सुती. नीट उकळून, इस्त्री करून आणा."

बाहेर बाकावर भाचीची सासू बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत झालर लावलेले नवेकोरे फ्रॉक. तिने मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आणि ती बाकाच्या टोकाला सरकली. भावजयीला म्हणाली, "हे आमच्यातलं नाय. तुमचेकडनं आयलंय. तवाच सांगायचं व्हतं." मी त्या सासूच्या शेजारी, मधली जागा न सोडता बसले आणि अंगावर दोनदा पाणी मारलं. थोडं तिच्याही अंगावर उडालं.

मग मी आत गेले. भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची ओढली आणि माझी नेहमीची टकळी सुरू केली. म्हटलं, अगं, तुझ्या लेकीला डास चावायचे नाहीत, माझ्यापाशी येतात आणि नाक मुरडून जातात. शेअर रिक्षा कायम मोकळी. चोरी केली तरी ठसे सापडायचे नाहीत, आपण दोघी मिळून एखादी बँक...

"आत्या, गप बस ना."

मी गप्प बसले.

ती वळली. चेहरा सुकलेला. "मला नको सांगू तू मजेत होतीस. मी बघितलंय ना सगळं. रस्त्यावरची माणसं कशी बघायची ते बघितलंय. थंडीत टाचा फाटून रक्त यायचं, ते बघितलंय. माझ्या लग्नात तुला कूलरच्या मागे बसवलं, ते मी मांडवातून बघत होते आणि मी पण काही नाही बोलले. हिला असं जगायला लावू मी? खरं सांग. नाटकं नको. तू सुखात होतीस का?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी खाज विचारली, आग विचारली, ताप विचारला. फवारा उगीचच या हातातून त्या हातात केला.

"अंगाचं दुःख होतं गं," मी म्हटलं, "पण त्याची सवय होते. तेल लावलं, पाणी मारलं, दिवस निघतो. आणि मजा होती, ती खोटी नाही. गार हवेत बसून पगार घेतला, स्वतःचं घर घेतलं, तुला मांडीवर खेळवलं. मला जगायला आवडलं. अजून आवडतं. नुसतं एकाच गोष्टीने मी आतून खचते. हसशील तू."

"नाही हसणार."

"इमारतीत सगळ्यांत म्हातारी मी. पण बाळासाठी माझं लुगडं कधी कोणी मागितलं नाही. तुझ्या वेळी मी न मागता आणलं, तेही कपाटात राहिलं. माझं आयुष्य कोणाला नकोय. एवढं जगले, आणि ते कोणाच्या पोराला लागावं असं कोणाला वाटत नाही. हे एक दुखतं. तुझ्या पोरीचं काय होईल मला माहीत नाही. पण तिची आईच भिंतीकडे बघत राहिली, तर तिचंही लुगडं कोणी मागणार नाही."

बोलून गेले आणि मला वाटलं, फार झालं. ओल्या बाळंतिणीला काय सांगत बसले मी! भाची उठून बसली, पलंगाचा कठडा धरून. तिने माझा पदर हातात घेतला आणि दोन बोटांत चोळून बघितला, कापड घेताना दुकानात बघतात तसा.

"हे दे," ती म्हणाली.

"घरी आहेत ना, चळत आहे. तुझा बाप खाली आहे, तो जाऊन आणेल."

"नाही. तू नेसलेलं पाहिजे. हेच. आत्ता. आत्या, माझ्या पोरीला तुझं लुगडं दे."

दारात भावजय उभी होती आणि तिच्या मागे ती सासू. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. मला वाटलं, आता सासू काहीतरी बोलणार. ती आत आली, माझ्या अगदी समोर उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आमचे घरान पन एक झालती अशी. माझी बहीन. माझ्या मागची. आयशीनं कोनाला दाखवली नाय, आतले खोलीन ठेवली. चार दिस पन नाय जगली. आमी कदी कोनाला बोललो नाय."

म्हणजे दोन्ही घरांनी लपवलं होतं. त्यांनी बहीण लपवली आणि आम्ही मला लपवलं, आणि मग मोठ्या थाटात लग्न लावलं. मला इतकं हसू आलं, की मी पंचा तोंडात धरला. भावजय आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, आणि मग रडायला. सासू मात्र हसली नाही. तिने विचारलं, "तुमी कशा वाचलाव?"

"आईने तिच्या आईचं लुगडं भिजवून गुंडाळलं. आणि कोणी बघायला आलं, की दाखवलं."

ती बाई खाली वाकली. मला कळेना काय करतेय. तिने माझ्या पायाला हात लावला, माझ्या फुटक्या, खवल्यांच्या पायाला, आणि म्हणाली, "तुमचं आयुष्य लागू दे गो माझे नातीला."

माझ्या डोळ्यांतून कायमच पाणी येतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. म्हणून मीच सांगितलं, "हे पाणी नेहमीचं नव्हे. आत्ता मी रडतेय."

पुढची अडचण अशी, की लुगडं द्यायचं म्हणजे सोडायला हवं. नर्सने मला पेशंटचा हिरवा झगा आणून दिला, पाठीमागे नाड्यांचा. मी परकर-पोलक्यावर तो चढवला. भावाने लुगडं घेतलं, तसाच कोपरीला गेला, मोठ्या पातेल्यात उकळलं, इस्त्री केली आणि परत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने इस्त्री हातात धरली असेल. काठाला एके ठिकाणी त्याने जाळलंही. नर्सने जळका काठ कापून टाकला आणि उरलेलं बाळाच्या आकाराचं केलं.

तोवर मी हिरव्या झग्यात कॉरिडॉरमध्ये बसले होते. एका वॉर्डबॉयने मला दोनदा "आजी, बेडवर जा" म्हणून हुसकलं. तिसऱ्या वेळी मी त्याला विचारलं, "जेवण कधी येतं रे इथे?" त्याने खरंच वरण-भाताचं ताट आणून दिलं. मी जेवले.

भाचीने लेकीला माझ्या लुगड्यात घेतलं, तेव्हा मी काचेच्या पलीकडे होते. तिने घाबरत, हात लांब ठेवून घेतलं. मग हळूहळू हात आत आले. बाळ तोंड वाकडं करून शोधायला लागलं, आणि मग शोधायचं थांबलं. जावई माझ्याकडे वळून काहीतरी बोलला, ते काचेमुळे ऐकू आलं नाही.

ती पोर आता वर्षाची झाली आहे. दिव्यात पाण्याची बोंब, आणि हिला दिवसातून तीनदा पाण्यात बुचकळावं लागतं, म्हणून अजून कोपरीतच आहे. सासू दर आठवड्याला येते आणि नातीला कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत फिरवून आणते, तोंडावर फडकं न टाकता. कोणी टक लावून बघितलं, की तीच विचारते, "काय बघतंस? जिताडा कदी बघला नाय?" तो शब्द तिला मी दिला. औषधं चालू आहेत, मलमांचे डबे मागवावे लागतात, काही दिवस वाईट जातात. माझ्या कपाटातली चळत संपत आली आहे. भावजयीला मध्येच काळजी वाटते, "वन्सं, तुमचं आयुष्य असं वाटत सुटलात, तुम्हाला पुरेल ना?" मी तिला सांगते, डॉक्टरांच्या हिशेबाने माझं पहिल्याच आठवड्यात संपलं होतं, हे सगळं वरकड आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. अंधार पडता पडता भावाने मला डोंबिवलीला सोडलं. मी तशीच, हिरव्या झग्यात, मागून नाड्या लोंबताहेत, गळ्यात पंचा, हातात फवारा. वॉचमन स्टूलवरून उठला. त्याला वाटलं, मी हॉस्पिटलातून पळून आले. जिना चढून वर आले, तर समोरची शेजारीण कचरा ठेवायला दार उघडत होती. तिच्या हातातून डबा पडला.

"अगं बाई! काय झालं? साडी कुठे तुमची?"

"दिली."

"दिली? कोणाला दिली?"

मी पर्समध्ये किल्ली शोधत होते. किल्ली हाताला लागली होती, तरी मी शोधत राहिले. "मागितलं हो माझं लुगडं. बाळाला हवं होतं."

"काय?" ती म्हणाली. तिला ऐकू आलं होतं. तिच्या चेहऱ्यावर कळत होतं. पण तिने विचारलंच होतं, तर पुन्हा सांगणं भाग होतं. वरच्या दोन्ही मजल्यांवर दारं किलकिली झालेली मला ऐकू येत होती. एक्स्चेंजमध्ये खराब लाइनवर मी ज्या आवाजात बोलायचे, तो आवाज मी काढला.

"माझं लुगडं मागितलं!" मी म्हटलं. "बाळाला!"

आणि मग सावकाश दार उघडून आत गेले.